नकाराची जागा करारात हवी

विश्रामबाग, सांगली

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. प्रौढ प्रेक्षकांसाठी शृंगारिक लघुपट काढायचे आणि त्यांची सूत्रे भांडवल घालणाऱ्याकडे न ठेवता पडद्यावर दिसणाऱ्या कलावंतांच्याच हाती द्यायची, या कल्पनेत मला लाजिरवाणे काही दिसत नाही. मात्र प्रकाशयोजनेवर तू पानेच्या पाने खर्ची घातली आहेस आणि कराराची बोळवण एका परिच्छेदात केली आहेस.

कलावंताची मालकी आपल्या मुलखाला नवी नाही. साताऱ्यात वाढलेल्या तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांनी फडमालक तुकाराम खेडकरांच्या निधनानंतर पुढे स्वतःचा फड उभा केला. परंतु त्याच तमाशाच्या धंद्यात उचल घेतलेला कलावंत हंगामभर अडकून पडतो आणि फडाचा मालक स्वतः रंगमंचावर उभा राहणारा असला, तरी ती अडकवणूक आपोआप सुटत नाही. म्हणून तू स्वतः कलावंत आहेस, एवढ्यावर विसंबू नकोस. आगाऊ रक्कम घेतलेली मुलगी चित्रीकरणाच्या दिवशी ‘आज नको’ म्हणाली, तर तो खर्च कोणी सोसायचा, हे आधीच लिहून ठेव. माझ्या मते तो संस्थेनेच सोसावा, कारण नकार महाग पडू लागला की होकाराला काही अर्थ उरत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली कँडिडा रॉयल यांनी फेम प्रॉडक्शन्स ही शृंगारिक चित्रपट काढणारी संस्था सुरू केली, त्यापूर्वी त्या स्वतः अशा चित्रपटांतून कामे करत होत्या. त्यांचे नाव तू आदराने घेतेस, ते योग्यच आहे. पण त्यांचा देश आणि त्यांचा कायदा वेगळा. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७अ कलमानुसार लैंगिक कृती उघडपणे दाखवणारे साहित्य इंटरनेटवर प्रसारित केल्यास पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, मग सहभागी साऱ्यांची संमती कितीही निखळ असो. कलेसाठी अपवाद आहे, परंतु तो सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. तेव्हा सूचक शृंगारातच राहा. नऊवारी नेसून, बसल्या जागी केवळ नजरेने बैठकीची लावणी रंगवणाऱ्या बायकांच्या प्रदेशात ही अडचण वाटू नये.

आता हक्कांविषयी, कारण खरी फसगत तिथे होते. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार कलावंताने आपले सादरीकरण चित्रपटात घेण्यास लेखी संमती दिली की, वेगळा करार नसल्यास, सादरकर्त्याचे हक्क निर्माता वापरू शकतो. व्यावसायिक वापरावरील रॉयल्टीचा हक्क मात्र कलावंताकडे उरतो. म्हणजे तू काहीच लिहिले नाहीस, तर कायदा तुझ्या बाजूने, निर्मात्याच्या बाजूने, झुकतो. तो वेगळा करार तू स्वतःहून कर: संकलनाची अंतिम प्रत कलावंताने पाहिल्याशिवाय प्रदर्शन नाही, परवानगी ठरावीक वर्षांचीच, आणि कच्चे चित्रीकरण कोणाच्या ताब्यात राहील याचा स्पष्ट उल्लेख.

प्रत्येकाच्या वयाचा पुरावा स्वतः तपास, पण त्या कागदांच्या प्रती कुलपात ठेव. मिरजेत काम केलेल्या मुलीचा चेहरा कवठे महांकाळच्या चुलत्याच्या मोबाइलवर पोहोचायला वेळ लागत नाही. तिचे गाव, तिचे घर, उद्या येणारे स्थळ, हे सारे तिच्याशी मोकळेपणी बोलून मगच सही घे. आणि प्रसारासाठी एकाच संकेतस्थळावर भिस्त ठेवू नकोस. कलावंत जिथे वर्गणीदारांना थेट आपले साहित्य विकतात, त्या ओन्लीफॅन्सने ऑगस्ट २०२१ मध्ये उघड लैंगिक साहित्यावर बंदी जाहीर केली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. ज्यांच्या कमाईतून ती कंपनी वीस टक्के घेते, त्यांना कोणी आधी विचारले नव्हते.

कराराचा मसुदा मराठीत तयार कर, इंग्रजीत नको, कारण सही करणारीला तो स्वतः वाचता आला पाहिजे. तो घेऊन ये. कॉपीराइटची कामे पाहणाऱ्या एका वकीलबाई माझ्या परिचयाच्या आहेत, त्यांच्यासमोर आपण तो कलमवार वाचू.

तुझी,
मावशी