सोलापूर जिल्ह्यात शेताच्या बांधावर सेंद्रिय पद्धतीने गांजा लावला तर चालेल का?

नाही, अजिबात लावू नका. शेणखत घातलं की युरिया, कायदा ते बघत नाही. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, १९८५ च्या कलम २० नुसार बेकायदा लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. चार झाडांपायी घरादाराची परवड कशाला?

जमीन सेंद्रिय करायचीय ना, मग हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा. आमच्या बार्शीकडच्या काळ्या रानात पहिल्या पावसावर एकरी २०-२५ किलो बी टाकतो. दीड महिन्यात कमरेच्या वर जातो, पिवळी फुलं दिसू लागतात. काडी वाकवल्यावर कट्कन मोडते तोवरच मातीत गाडायचा. उशीर झाला की ती दोरीसारखी चिवट होते, लवकर कुजत नाही. त्याच वावरात मग रब्बीची ज्वारी घ्या.