पाखाडी अडवली, आता पाटी घेऊन जायचं कुठून?

प्रश्न : तलाठीभाऊ, आमची वाडी वर आणि बंदर खाली. मधली जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, माझ्या आजेसासूच्या आधीपासूनची. पुरुष तिच्यावरून जाळी घेऊन उतरतात, आम्ही बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन चढतो. मधली जागा मुंबईच्या एका माणसाने घेतली आणि दिवाळीत चिऱ्याची भिंत घातली. आता डांबरी रस्त्याने दोन किलोमीटरचा वळसा. मालक फोनवर म्हणाला, "रस्ता आहे ना? स्कूटर घ्या." सरपंच म्हणतात, सातबाऱ्यावर रस्ता नाही, काही करता येणार नाही. खरं का? शिमगा तोंडावर आलाय.
– एक मासेविक्रेती, गुहागर तालुका

उत्तर : ताई, पायवाटांची सातबाऱ्यावर बहुधा नोंदच नसते. सरपंचांचं एवढं बरोबर. म्हणून वाट नाही असं मात्र होत नाही.

आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढा. त्यात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, आणि पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. मग ग्रामपंचायतीत नमुना 23 बघायला मागा, ती रस्त्यांची नोंदवही. पाखाडीवर कधी पंचायतीचा पैसा पडला असेल तर ते कागदही मागा. सरपंच टाळाटाळ करतील, तेव्हा तोंडी नको, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

रेघ सापडली नाही तरी वहिवाट आहेच. शेतीकडे किंवा मासेमारीच्या जागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो. मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिने. दिवाळीपासून मोजा, म्हणजे किती दिवस उरलेत ते कळेल. "आधी समजुतीने बघू" म्हणत गावकीच्या बैठका घेण्यातच ही मुदत संपलेली मी नोकरीत पुष्कळदा पाहिली. मालकही तेच सुचवील, बघा.

कुणी जमीन महसूल संहितेचं कलम 143 सुचवील. ते शेताच्या बांधावरून नवी वाट मागण्यासाठी आहे, तुमच्या कामाचं नाही. सहा महिने टळलेच तर दिवाणी कोर्ट आहे: वीस वर्षं उघडपणे, हक्काने, अखंड वापर असेल तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने वाटेचा हक्क मिळतो. मात्र अडवल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा हवा, आणि तिथे वकिलाचा खर्च आला.

स्कूटरवाल्या बोलण्याचा मला राग आला, ताई. पाण्याने निथळणारी पाटी घेऊन स्कूटरवर बसायचं, चढावर पेट्रोल जाळायचं, आणि ते कुणी, तर जिची कमाई त्या दिवशीच्या मासळीवर ठरते तिने! सायकल म्हणाल तर आपल्या घाटीत ती हाताने ढकलावी लागते. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं, पण भल्या पहाटे तुमच्या बंदरावर एसटी येते का? वर्षातून दोनदा मोटारीने येणाऱ्याला दोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही, म्हणून त्याने ते तुमच्या डोक्यावर ठेवले.

दाव्यात भिंतीची तारीख, गट नंबर आणि वाट कुठून कुठे जाते ते नेमकं लिहा. भिंतीचे फोटो लावा, पायऱ्या दोन्ही बाजूंनी भिंतीत घुसतात ते दिसू दे. वाडीतली सर्वांत म्हातारी दोन-तीन माणसं साक्षीला घ्या, शक्यतो एक खालच्या वाडीतलं, तुमच्या भाऊबंदांपैकी नसलेलं. रात्री जाऊन भिंत पाडू नका. मग गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि वाट बाजूलाच राहते.

तहसीलदारांना स्थळपाहणीची लेखी विनंती करा. आणि तारीख देताना सांगा, सकाळची वेळ लिलावाची असते, दुपारनंतरची द्या. नाहीतर साक्षीदार बंदरावर आणि पुकारा कचेरीत.