आधी मोजा, मग पाना फिरवा : बेस गिटारविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार तारांचा बेस आहे, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच. जून लागला की पहिल्या चार-पाच फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सगळ्याच तारा खरखरतात. दुकानदार म्हणतो, सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तार ज्यावर टेकते तो तुकडा) वर घ्या. घेतले, तर पुढच्या फ्रेटांवर तार दाबताना बोटं दुखतात. ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या धातूच्या सळईला) हात लावायची भीती वाटते. काय करू? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुखणं नेकचं, म्हणजे लांब दांड्याचं आहे आणि इलाज ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात तिथे, चाललाय. खरखर कुठे होते, यावरून कारण बहुतेक वेळा सापडतं. फक्त मोकळी तार खरखरली तर नटची, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच खोल गेलेली असते. एकाच फ्रेटवर झाली तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला असतो. पहिल्या पाच फ्रेटांत सगळ्या तारांवर झाली, म्हणजे तुमच्यासारखी, तर नेकला हवा तेवढा बाक उरलेला नाही. तार मध्यभागी सर्वांत जास्त हलते, म्हणून नेक अगदी सरळ चालत नाही. मध्ये किंचित खोलगट लागते.

चार तारांचा मिळून नेकवर साधारण ७५-८० किलोंचा ओढा असतो आणि आतला ट्रस रॉड त्याला उलटा रेटा देतो. लाकडाने ओलावा घेतला की हा तोल सरकतो. कोणत्या बाजूला, हे त्या-त्या नेकवर अवलंबून असतं. म्हणून ‘पावसाळ्यात अर्धा फेरा सैल करायचा’ असले नियम कुणी सांगितले तरी मानू नका.

मोजायचं असं. तारा सुरात लावा. बेस टेबलावर आडवा न ठेवता मांडीवर, वाजवताना धरतो तसा धरा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर तार बोटाने दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांमधली फट मोजा. ती ०.३ ते ०.३५ मिमी हवी. मोजायला फीलर गेज लागतो. दुचाकीच्या गॅरेजात टॅपेट सेट करायला वापरतात तोच, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो.

फट कमी असेल तर रॉड सैल करायचा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट. जास्त असेल तर आवळायचा. आवळण्यापूर्वी तारा थोड्या ढिल्या करा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. पुन्हा सूर लावून मोजा आणि रात्रभर ठेवून सकाळी आणखी एकदा मोजा, कारण लाकूड लगेच बसत नाही. पाना नेमक्या मापाचाच हवा. काही बेसला ४ किंवा ५ मिमीची अ‍ॅलन की लागते, काही अमेरिकी धाटणीच्या बेसला ३/१६ इंचाची. ३/१६ म्हणजे ४.७६ मिमी. तिथे ‘जवळपास बसते’ म्हणून ४.५ ची घातली की रॉडच्या नटचे कोपरे झिजतात आणि मग काम खरंच महागात जातं. रॉड जाम वाटला तर जोर लावू नका. आधी किंचित सैल करा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आट्यांवर सोडा. तरीही हलला नाही तर कारागीर गाठा.

नेक जागेवर आल्यावरच सॅडलकडे वळा. सतराव्या फ्रेटवर, तार न दाबता, ई (सर्वांत जाड) तारेखाली सुमारे २.४ मिमी आणि जी (सर्वांत बारीक) तारेखाली २ मिमी ही सुरुवात चांगली. जोरात वाजवणाऱ्याने थोडी जास्त ठेवावी. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे दाबलेले सूर बरोबर येणं : बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरलेला असेल तर पुढे आणा. सगळ्यांत शेवटी पिकअपची, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागाची, उंची. शेवटचा फ्रेट दाबून तारेपासून २-३ मिमी पुरते. फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि जाड तारेचा सूर डळमळतो. हा क्रम उलटापालटा केला तर प्रत्येक पायरी आधीची बिघडवते.

तुमच्याकडे गंजाचाही त्रास असणारच. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने वरून-खालून पुसा आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पांढरट, चकचकीत मेपलच्या फिंगरबोर्डला तेल लावू नका. त्यावर लॅकर असतं, तेल आत जात नाही.

प्रश्न : जॅझ बेस या दोन पिकअपच्या मॉडेलच्या धर्तीचा बेस आहे. तारांवरून हात काढला की गुणगुण सुरू होते, हात ठेवला की थांबते. ब्रिजखालची ग्राउंड वायर तुटली असेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. हात लावल्यावर आवाज थांबतो, याचाच अर्थ ती वायर शाबूत आहे. तुटली असती तर हात लावून फरक पडला नसता. खात्री हवी तर मल्टिमीटरने ब्रिज आणि जॅकची (केबल खोचतात त्या भोकाची) बाहेरची कडी यांमध्ये रोध पाहा, १ ओहमच्या आत हवा.

तुमच्या बेसला शील्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) नाही किंवा अपुरं आहे. तारा आणि ब्रिज काढा, पिकअप आणि कंट्रोलच्या खाचा आतून तांब्याच्या टेपने मढवा. टेपचा डिंक वीज वाहणारा आहे असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्या. टेपची कड ५ मिमी बाहेर दुमडा, म्हणजे कंट्रोल प्लेट तिच्यावर टेकेल. सगळ्या खाचा वायरने जोडून एक वायर व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या खुंटीखालच्या भागाच्या) पाठीवर न्या. त्यासाठी ६० वॅटची सोल्डरिंग आयर्न वापरा. २५ वॅटची पॉटची पाठ तापवायला इतका वेळ घेते की आतला पॉटच बिघडतो. बंद करण्यापूर्वी जॅकची सिग्नल वाहणारी पट्टी टेपला टेकत नाही ना, ते पाहा. ‘शील्डिंग केलं आणि आवाजच गेला’ या तक्रारीमागे बहुधा हेच निघतं.

एक गुणगुण मात्र यानेही जाणार नाही : ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपमध्ये शिरणारी. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर ती दबत असेल तर पिकअप एकमेकांविरुद्ध गुंडाळलेले आहेत आणि सगळं ठीक आहे. (प्रिसिजन बेस या दुसऱ्या मॉडेलला १९५७ पासून दोन भागांत तोडलेला पिकअप आहे, त्यामुळे त्या मालकांना ही कटकट नसते.)

आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हे सगळं बाजूला ठेवा. सॉकेटला अर्थिंग आहे का, ते आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासा. अ‍ॅम्प्लिफायरची तिसरी पिन काढून गुणगुण घालवणं हा जिवाशी खेळ आहे.

प्रश्न : तयार नेक विकत घेतली आहे. जुन्या दाराच्या सागवानातून बॉडी करावी म्हणतो. — एक वाचक, मिरज

उत्तर : होईल, पण गळ्यात जड पडेल. साधारण बॉडीत पावणेपाच लिटर लाकूड असतं : सागाचं सुमारे ३ किलो, तुणाच्या लाकडाचं सव्वादोनच्या आसपास. मिरजेत सतारीसाठी तूण वापरतातच, आमचं मत तिकडेच झुकतं. ते मऊ असल्याने ब्रिजचे स्क्रू थोडे लांब घ्या. साग घ्यायचाच असेल तर जुने खिळे शोधून काढा, नाहीतर राऊटरचं (लाकूड कोरायच्या यंत्राचं) पातं गेलंच समजा. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायच्या कडा अ‍ॅसिटोनने पुसून लगेच जोडा.

जाडी ४५ मिमी, नेकच्या खाचेची खोली १६ मिमी. रुंदी मात्र पुस्तकातून न घेता हातातल्या नेकवरूनच आखा. आठ नंबरचे, ४५ मिमी लांबीचे चार स्क्रू. बॉडीतली भोकं ४.५ मिमीची ठेवा, स्क्रू त्यातून सैल जायला हवा. नेकमधली ३.२ मिमीची आणि १५ मिमी खोल. बॉडीतही आटे धरले तर स्क्रू कितीही आवळा, खाच आणि नेक यांत फट राहते. नेकच्या स्क्रूला मेण लावा. मेपलमध्ये कोरडा घातलेला स्क्रू मध्येच मोडतो.

ब्रिजची जागा : नटपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. ३४ इंची स्केलला ८६३.६ मिमी येतील. जी तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे ठेवून तिथे आणा. बाकीची मागेच सरकणार आहेत, ई तर पाच-सहा मिमी. भोकं पाडण्यापूर्वी नटपासून सॅडलपर्यंत ई आणि जीच्या जागी दोरे ताणा. नेकच्या दोन्ही कडांपासून ते सारख्या अंतरावर दिसले तरच ड्रिल हातात घ्या. ब्रिजखाली ग्राउंड वायरचं भोक याच वेळी पाडा, हे हमखास राहून जातं.

प्रश्न : मे महिन्यात फ्रेटची टोकं हाताला बोचतात. फ्रेट निघताहेत का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : फ्रेट जागेवरच आहेत. कोरड्या हवेत फिंगरबोर्ड रुंदीत आकसतो, धातू आकसत नाही. कडेला मास्किंग टेप लावून बारीक कानशीने टोकं घासा. हे मे महिन्यातच करा. लाकूड सर्वांत आकसलेलं असताना घासलं की पुढे बोचत नाही. परदेशी हीटर लावलेल्या घरात जानेवारीत हाच प्रकार होतो.

प्रश्न : अ‍ॅक्टिव्ह बेसची (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या बेसची) ९ व्होल्टची बॅटरी न वाजवताही संपते. — एक वाचक, मडगाव

उत्तर : केबल लावून ठेवत असाल. अशा बेसमध्ये जॅकच स्विचचं काम करतो. केबल आत असली की सर्किट चालू राहतं, अ‍ॅम्प्लिफायर बंद असला तरी. केबल काढूनही बॅटरी उतरत असेल तर जॅकच्या आतल्या पट्ट्या वाकून एकमेकींना टेकल्यात का, ते पाहा.