विंडोज, मॅक की लिनक्स: सगळ्यात सुरक्षित आणि भरवशाचं कोणतं?

तुम्ही विचारलंय तिन्हींपैकी सगळ्यात सुरक्षित आणि भरवशाची ऑपरेटिंग सिस्टीम कोणती. माझा रोज तिन्हींशी संबंध येतो आणि खरं सांगू का, नुसतं नाव बघून हे ठरत नाही, अपडेट वेळेवर पडतात का आणि कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, कोणाकोणाला घुसू दिलंय ह्यावर सगळं आहे.

१९ जुलै २०२४ आठवतोय? जगभरात साधारण ८५ लाख विंडोज मशीन निळी स्क्रीन दाखवत बसली, विमानं रखडली. हॅकिंग वगैरे काही नव्हतं, क्राउडस्ट्राइक ह्या सिक्युरिटी कंपनीच्याच एका अपडेटमध्ये बिघडलेली फाइल आली, आणि त्यांचा ड्रायव्हर (सिस्टीमला जोडलेला प्रोग्राम) थेट कर्नलमध्ये चालतो त्यामुळे तो कोसळला की अख्खं विंडोज कोसळतं, रीस्टार्ट केलं की परत तेच. बऱ्याच ठिकाणी माणसाने मशीनसमोर बसून सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने उडवली, वर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी रिकव्हरी की शोधा. मॅकवर अॅपलने २०१९ च्या कॅटलिना ह्या मॅकओएस व्हर्जनपासून असल्या बाहेरच्या सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर काढायला सुरुवात केली होती, ते मला पटतं. पण मॅकवालेही फार हवेत नकोत, २०१७ मध्ये मॅकओएसच्या हाय सिएरा व्हर्जनमध्ये युजरनेम 'रूट' (सगळे अधिकार असलेलं खातं) टाकून पासवर्ड रिकामा ठेवला तरी आत जाता येत होतं! अॅपलने दुसऱ्याच दिवशी पॅच (दुरुस्तीचं अपडेट) काढला म्हणा.

वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विंडोजवरचा व्हायरस, तर सगळ्यांना माहितीच आहे, मे २०१७. मायक्रोसॉफ्टने तो ज्या भोकातून घुसला त्याचा पॅच मार्चमध्येच दिला होता, लोकांनी टाकला नव्हता, बस.

आता लिनक्स. रोजचं काम साध्या युजरवर, सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्या (लिनक्सचे वेगवेगळे तयार अवतार, त्यांना डिस्ट्रो म्हणतात) सही केलेल्या रिपॉझिटरीतून, म्हणजे अधिकृत साठ्यातून येतं, त्यामुळे नेटवरून कुठलीही फाइल उतरवून डबल क्लिक करायची सवयच लागत नाही, हा खरा फायदा. 'कोड ओपन आहे म्हणजे हजारो लोक तपासतात' हे मात्र मी फार मनावर घेत नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून जायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने खोदून बघितलं तर एक्सझेड ह्या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या लायब्ररीत बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा) निघाला. टाकणाऱ्याने आधी वर्ष-दोन वर्षं प्रामाणिकपणे काम करून प्रोजेक्टचा विश्वास मिळवला होता, आणि तो चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायला बांधलेल्या गठ्ठ्यात) होती, म्हणजे कोड वाचणाऱ्याला दिसणार तरी कशी? बऱ्याचशा स्टेबल डिस्ट्रोंमध्ये ते व्हर्जन अजून पोचलं नव्हतं म्हणून निभावलं.

म्हणून सर्व्हरला मी डेबियन ह्या डिस्ट्रोचं स्टेबल व्हर्जनच घेईन, जुनी व्हर्जन्स असतात म्हणून लोक नाकं मुरडतात पण मुरडू देत. घरच्या वापराला विंडोज ११ किंवा मॅक काहीही चालेल, फक्त रोजचं खातं अॅडमिन नको आणि अपडेट 'नंतर' वर ढकलू नका. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुमचं मशीन ११ घेत नसेल तर लिनक्स मिंट ही डिस्ट्रो टाका. पण आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून वायफाय आणि प्रिंटर चालतोय का बघा, गाडी नेमकी तिथेच अडते.