दंडात रॉड टाकल्यावर हात वर उचलला जात नाही, हे खरे आहे का?

आपल्या आईंचे दंडाचे हाड मधोमध मोडले आहे, डॉक्टरांनी खांद्याकडून रॉड टाकण्यास सुचवले आहे आणि त्याने खांदा कायमचा जातो असे कोणी सांगितल्यामुळे आपण धास्तावला आहात. खांदा जात नाही. परंतु ‘रॉडचा आणि खांद्याचा काही संबंध नाही’ हे वाक्यही तितकेच खोटे आहे, आणि नाशिकमध्ये फिजिओथेरपीचे काम करताना ते इतक्यांदा कानावर आले आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही.

हा रॉड हाडाच्या वरच्या टोकातून आत उतरतो आणि नेमकी तेथेच रोटेटर कफमधील, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या वेढ्यातील, सुप्रास्पायनेटस या हात बाजूने वर उचलणाऱ्या स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) पसरलेली असते. सहसा तिला किंवा तिच्या स्नायूला चीर देऊनच हाडापर्यंत पोहोचावे लागते. वरच्या टोकाला बाक असलेल्या रॉडसाठी छिद्र बाहेरच्या उंचवट्यालगत, म्हणजे कंडरा हाडाला चिकटते त्या भागात घेतात. तेथे रक्तपुरवठा मुळातच कमी असल्याने जखम सावकाश भरते. सरळ रॉड गोल माथ्यातून, स्नायूच्या मांसल भागामधून जातो. तो भाग लवकर भरून येतो, मात्र सांध्याच्या कूर्चेला भोक पडते.

माझे मामा निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार. मोटारसायकलवरून पडून त्यांचा उजवा दंड मोडला, रॉड टाकला आणि एक्स-रेमध्ये हाड उत्तम जुळलेले दिसले. पुढे ऑक्टोबरच्या छाटणीला ते मांडवाखाली उभे राहिले, तेव्हा उजवा खांदा कानापर्यंत चढे, पण हात काही वर जात नसे. शेवटी डाव्या हाताने उजवे कोपर उचलून धरत ते कात्री काडीपर्यंत नेत. सर्जन म्हणाले, व्यायाम केला नाही, खांदा आखडला. मामेभावाने तेच उचलून धरले आणि पहाटे चारला उठून बागेत पाणी पाहणाऱ्या माणसाला घरात आळशी ठरवले.

मी मामांना कॉटवर उताणे निजवून त्यांचा हात उचलला, तो विनासायास कानाजवळ पोहोचला. मग बसवून तोच हात बाजूला खांद्याच्या उंचीवर नेऊन सोडला, तो धपकन खाली आला. आखडलेला खांदा दुसऱ्याने उचलला तरी अडतो. येथे वाट मोकळी होती, ओढणारी दोरीच तुटली होती. सोनोग्राफीत कंडरा फाटलेली आणि रॉडचे टोक हाडाच्या पातळीच्या वर आलेले दिसले. डिस्चार्ज कार्डावर रॉडची लांबी आणि जाडी होती. कंडरा उघडली कोठे आणि शिवली की नाही, याबद्दल अक्षरही नव्हते. मामेभाऊ अजून म्हणतो की आता हे उकरून काय उपयोग. उपयोग आहे, कारण फाटलेल्या कंडरेवर दामटून केलेला व्यायाम नुकसानच वाढवतो.

म्हणून सर्जनना आधीच विचारा की रॉड सरळ आहे की बाकाचा, त्याचे टोक हाडात पुरते बुडवणार का आणि कंडरा शिवणार का, आणि हे ऑपरेशन नोटमध्ये लिहून घ्या. असे विचारलेले ज्या डॉक्टरांना आवडत नाही, त्यांच्याकडे मी माझ्या माणसाला नेणार नाही.

अर्थात, साठीनंतर अनेकांची कंडरा दुखणे नसतानाही झिजलेली असते. मामांची फाट संपूर्णपणे रॉडमुळेच झाली असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हाडाच्या मधल्या भागातील कित्येक फ्रॅक्चर ब्रेसमध्येही, म्हणजे दंडाला बाहेरून बांधायच्या आधारपट्ट्यातही, जुळतात, हा पर्यायही विचारात घ्यावा. प्लेट लावली तर रोटेटर कफ वाचतो, पण हाडाला मागून वळसा घालून जाणारी रेडियल नर्व्ह (मनगट आणि बोटे वर उचलणारी नस) जवळ येते आणि ती दुखावल्यास मनगट लोंबते. ही नर्व्ह कधी कधी फ्रॅक्चर होतानाच दुखावलेली असते, तेव्हा रॉड असो वा प्लेट, आईंना ऑपरेशनपूर्वी मनगट आणि अंगठा वर उचलायला सांगा आणि जे दिसेल ते केसपेपरवर नोंदवून घ्या.