दुसरी पृथ्वी सापडली म्हणे, मग बॅग भरायची का?

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की फक्त चार प्रकाशवर्षांवर राहण्यालायक ग्रह सापडलाय, सोबत निळ्या समुद्राचा फोटो पण आहे. खरंय का हे? आणि तो आपल्याकडून दिसतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ग्रह खरा, फोटो नाही. प्रॉक्सिमा सेंटॉरी बी नाव त्याचं, २०१६ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला, पण आजवर त्याला कुणी पाहिलेलंच नाही, त्यामुळे जे काही फिरतंय ते चित्र. मग सापडला कसा? तर चिलीतल्या ला सिया वेधशाळेतून त्याच्या ताऱ्यावर नजर ठेवली होती, तेव्हा लक्षात आलं की तारा दर ११.२ दिवसांनी किंचित पुढेमागे डुलतोय, म्हणजे फिरणारा ग्रह त्याला ओढतोय, आणि डुलण्याचा वेग किती, तर ताशी ५ किलोमीटर, म्हणजे आपण सकाळी वॉकला जातो तेवढा! एवढ्यावरून ग्रह आहे, आणि त्याचं वजन निदान पृथ्वीएवढं तरी आहे, हे काढलं. मला तर फोटोपेक्षा हेच भारी वाटतं.

आता 'राहण्यालायक'. शब्दच फसवा आहे हो. पाणी असलंच तर ते गोठणारही नाही आणि उकळणारही नाही एवढ्या अंतरावर ग्रह आहे, बस्स, अर्थ इतकाच. पाणी सापडलंय असं नाही. तारा लाल आणि मिणमिणता, सूर्याच्या हजारात दोन भाग पण उजेड नाही, आणि शेकोटी बारीक असली की जवळ सरकून बसावं लागतं तसा हा ग्रह ७५ लाख किलोमीटरवर चिकटून फिरतोय (आपण सूर्यापासून १५ कोटींवर). तिथून तो तारा आपल्या सूर्याच्या तिप्पट मोठा दिसेल, आणि बहुतेक ग्रहाची एकच बाजू कायम त्याच्याकडे असणार, म्हणजे एकीकडे कायमची दुपार आणि दुसरीकडे कायमची रात्र.

पण जवळ बसलं की ठिणग्या पण अंगावर येणारच ना. मार्च २०१६ मध्ये हा तारा असा भडकला की काही मिनिटं ६८ पट उजळ झाला. असे भडके सारखे बसत राहिले तर हवा टिकेल का, हा खरा प्रश्न आहे, आणि ग्रह आपल्या बाजूने ताऱ्यासमोरून जातच नाही त्यामुळे हवा तपासायची नेहमीची युक्ती (ताऱ्याचा उजेड ग्रहाच्या हवेतून येतो तो तपासायचा) इथं चालत नाही.

जायचं म्हणाल तर व्हॉयेजर १ या अंतराळयानाच्या स्पीडने ७५ हजार वर्षं.

आणि दिसण्याचं म्हणाल तर ग्रह सोडाच, तारा पण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पण मे संपताना रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला मोकळं क्षितिज असेल तिथं उभे राहा, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडा वर नरतुरंग तारकासमूहातला 'मित्र' नावाचा ठळक तारा दिसेल. त्याच्यापासून चार पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढ्याच अंतरावर प्रॉक्सिमा, म्हणजे या ग्रहाचा तारा, आहे. पावसाचे ढग यायच्या आत बघून घ्या.