किनाऱ्यावरच्या वीज प्रकल्पाचा मासळीवर काय परिणाम होतो हे नेमकं कसं मोजतात? आणि अहवालात दर वेळी 'परिणाम नगण्य' असंच का लिहिलेलं असतं?

दुसरा भाग आधी घेते, कारण त्याच 'नगण्य'वरून माझं कामाच्या ठिकाणी चांगलंच वाजलं होतं. तसं लिहिलेलं असतं कारण बहुतेक वेळा मोजणीच अशी आखतात की दुसरं काही निघूच नये. मी या कामात जाळी धुण्यापासून तक्ते भरण्यापर्यंत सगळं केलं आहे, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

वाफेचं परत पाणी करणारा कंडेन्सर थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढतात आणि तापवून परत सोडतात, हे तुम्हाला माहीत असणारच. पण किती ओढतात याचा अंदाज फार थोड्यांना असतो. पाणी एकदाच वापरून सोडून देणाऱ्या १००० मेगावॉटच्या अणुप्रकल्पाला, पाणी १० अंशांनी तापेल असं धरलं, तर सेकंदाला साधारण ५० घनमीटर पाणी लागतं. दिवसाचे झाले ४३ लाख घनमीटर. कोळशाच्या प्रकल्पाला त्याहून कमी लागतं, कारण त्याची काही उष्णता चिमणीतून निघून जाते.

इनटेकच्या, म्हणजे पाणी आत घेण्याच्या जागेच्या, तोंडाशी फिरत्या जाळ्या असतात. छिद्र बरेचदा साडेनऊ मिलिमीटरचं. मोठे मासे, खेकडे, कोळंबी जाळीला चिकटून मरतात. ते दिसतात, टोपलीत पडतात, किलोवर मोजता येतात. अहवालात फोटोही त्यांचेच असतात. पण माशाचं अंडं बहुधा मिलिमीटरभराचं आणि नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू दोन-तीन मिलिमीटरचं. ते जाळीतून सरळ आत जातं, पंपातून, कंडेन्सरच्या नळ्यांतून, काही सेकंदांत दहा अंश तापून. त्यात भर म्हणून नळ्यांना शिंपले आणि बार्नेकल धरू नयेत यासाठी सोडलेलं क्लोरीन. आत गेलेलं सगळं मेलं असं धरूनच हिशेब करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि माझ्या मते तीच योग्य आहे. खरं नुकसान इथे होतं, आणि ते कुणालाच दिसत नाही.

मी तेव्हा एका सल्लागार कंपनीत कनिष्ठ जीवशास्त्रज्ञ होते. चालू प्रकल्पाला जोडून नवं युनिट येणार होतं, त्यासाठी इनटेकच्या कालव्यातले नमुने घ्यायचे होते. कामाच्या कागदावर चोवीस तासांचे नमुने असं स्पष्ट लिहिलं होतं. प्रत्यक्षात वेळापत्रक होतं सकाळी नऊ ते दुपारी चार. होडीवाला रात्री यायचा नाही, प्रयोगशाळेची गाडी रात्री मिळायची नाही, ही कारणं. मी म्हटलं, होडी लागतेच कशाला? कालव्यावर जाळ्यांच्या देखभालीचा लोखंडी पूल आहे, त्यावरून जाळं सोडता येतं. पहारेकऱ्याची परवानगी काढली आणि मी व एक सहकारी रात्री जाळं टाकू लागलो. जाळं तेच, ३३३ मायक्रॉनचं (मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश छिद्राचं), तोंडाशी प्रवाह मोजायचं तेच मीटर, पाण्याची खोलीही तीच. फरक फक्त घड्याळाचा.

दिवसाच्या बरणीत कोपेपॉड नावाचे बारीक जीव, खेकड्यांची पिल्लं (झोईया) आणि क्वचित एखादं माशाचं पिल्लू. रात्रीची बरणी उजेडासमोर धरली तर तळाशी चांदीच्या तारेचे बारीक तुकडे पडावेत तशी पिल्लं. सूक्ष्मदर्शकाखाली मांदेलीच्या कुळातली लांबट पिल्लं ओळखू येत होती, आतड्यावरच्या आडव्या रेघांवरून. गोबींची होती, ढोम्याच्या कुळातली होती. आणि एक लेपाच्या जातीचं होतं. लेपा जन्मतो तेव्हा त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात, मग एक डोळा सरकत पलीकडे जातो. या पिल्लाचा डोळा नेमका डोक्याच्या कडेवर होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. ते तळाला जाऊन बसायच्या बेतात असताना पंपाने ओढलं होतं. मी त्याचं चित्र काढून ठेवलं आहे.

रात्री जास्त पिल्लं मिळतात यात नवीन काहीच नाही. अनेक जातींची पिल्लं अंधार पडला की वर येतात, आणि दिवसा जी वर असतात त्यांना जाळं दिसतं, ती बाजूला होतात. जाळ्यांवर अडकणारे मोठे मासेही बरेचदा रात्रीच जास्त असतात. या विषयाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षात शिकवतात ते हे.

कंपनीतल्या आमच्या सरांनी रात्रीचे आकडे पाहिले आणि ते वार्षिक सरासरीत घ्यायला सांगितलं. दिवसाचे नमुने ढीगभर, रात्रीचे मोजके. सगळे एकत्र करून साधी सरासरी काढली की रात्र विरघळून जाते. मी म्हटलं, रात्र ही निम्मा दिवस आहे, तिला निम्मं वजन द्या, पंप काही रात्री बंद नसतात. त्यावर त्यांचं उत्तर मला आजही शब्दशः आठवतं. "अगं, एक मादी लाखांनी अंडी घालते. त्यातली चार पंपात गेली तर समुद्राचं काय बिघडलं?" अंतिम अहवालात रात्रीचा तक्ता परिशिष्टात गेला, मुख्य मजकुरात सरासरी राहिली आणि खाली तुमचा तो शब्द. मी तक्त्यावर सही केली नाही. माझं नाव अहवालातून गेलं.

हा लाखभर अंड्यांचा मुद्दा अजूनही जागोजागी ऐकू येतो, म्हणून त्याचं उत्तर नीट देते. लाखांत एखादंच जगतं हे खरं. पण पंप निवडून दुबळी पिल्लं उचलत नाही. उपासमारीतून आणि शिकाऱ्यांतून तगून महिनाभराचं झालेलं पिल्लू हे कालच्या अंड्याच्या कितीतरी पट मोलाचं असतं आणि पंप तेही उचलतो. म्हणून पिल्लांचं रूपांतर 'किती मोठे मासे झाले असते' यात करतात. प्रत्येक टप्प्याचा जगण्याचा दर गुणत जायचा, उत्तर मोठ्या माशांत. ऐकायला चोख वाटतं, पण हेच दर बहुतेक जातींसाठी कुणी मोजलेले नसतात, दुसऱ्याच जातीचे उसने घेतात. रोजचा मृत्युदर १० टक्के धरला तर ३० दिवसांनी हजारातली ४२ पिल्लं उरतात. १५ टक्के धरला तर आठसुद्धा नाहीत. हा एक आकडा इकडचा तिकडे केला की तेच नुकसान पाचपटीने लहान दिसतं, आणि कुणाला खोटं बोलावंही लागत नाही.

याहून बरी रीत कॅलिफोर्नियातल्या किनारी प्रकल्पांसाठी वापरली गेली. तिथे विचारतात की आसपासच्या ज्या पाण्यातून पिल्लं येतात, त्या पाण्यातल्या एकूण पिल्लांपैकी किती टक्के पंपाने उचलली. त्यासाठी इनटेकपाशी आणि बाहेर समुद्रात एकाच काळात नमुने घ्यावे लागतात, पण मोठं झाल्यावर किती जगली असती याचा अंदाज बांधावा लागत नाही. मग ती टक्केवारी अधिवासात मांडता येते. समजा एका जातीची पिल्लं ५०० हेक्टर खडकाळ तळातून येतात आणि प्रकल्प त्यातली १० टक्के मारतो, तर ५० हेक्टर तळाचं उत्पादन बुडालं. हे कुणालाही कळतं, आणि भरपाई म्हणून काय मागायचं तेही त्यातूनच ठरतं. टनांच्या भाषेत नुकसान सांगितलं की लोक बाजारभावाशी तुलना करतात आणि विषय संपतो.

'उरलेली पिल्लं जास्त जगतात, तूट आपोआप भरून निघते' हा सरांचाच मुद्दा जरा शास्त्रीय कपड्यात. न्यूयॉर्कमधल्या हडसन नदीच्या खाडीतल्या प्रकल्पांवरून १९७० च्या दशकात स्ट्राइप्ड बास या माशावर नेमका हाच वाद वर्षानुवर्षं चालला. दोन्ही बाजूंनी मॉडेलं आली. शेवटी १९८० मध्ये तडजोड झाली. शीतमनोऱ्यांची (पाणी थंड करून पुन्हा वापरायच्या मनोऱ्यांची) मागणी मागे पडली आणि बदल्यात माशांच्या हंगामात पाणी कमी ओढणं, युनिट बंद ठेवणं असल्या अटी आल्या. तूट भरून निघते का, याचा निकाल काही लागला नाही. म्हणून मला वाटतं, भरून निघते असं जो म्हणतो त्याने ते त्या जागी, त्या जातीसाठी दाखवावं. नाही दाखवता आलं तर ते हिशेबात धरू नये.

नीट काम कसं होतं हे बघायचं असेल तर कॅलिफोर्नियातला सॅन ओनोफ्रे अणुप्रकल्प बघा. १९७४ मध्ये परवानगीची अट म्हणूनच तीन शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. एक किनारा आयोगाचा, एक वीज कंपनीचा, एक विरोध करणाऱ्या पर्यावरणवाद्यांचा. नवी युनिटं सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून मोजणी, प्रकल्पाजवळही आणि लांबच्या तुलनेच्या जागीही, आणि सुरू झाल्यावर परत तेच. दोन्ही जागांमधला फरक आधी किती होता आणि नंतर किती झाला, हे बघायचं. नुसतं आधी-नंतर बघितलं तर एल निन्योसुद्धा प्रकल्पाच्या नावावर जमा होतो, नुसतं इथे-तिथे बघितलं तर दोन जागा मुळातच वेगळ्या असू शकतात. अंतिम अहवाल १९८९ मध्ये आला. सगळ्यांना भीती गरम पाण्याची होती. निघालं वेगळंच. पाणी सोडणारे नळ किनाऱ्यालगतचं गढूळ पाणी खेचून बाहेर ढकलत होते, तळाशी उजेड कमी पोचत होता आणि सुमारे ८० हेक्टर केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, जंगल त्यात गेलं. केल्प गेलं की त्यात राहणारे मासे गेले. भरपाई म्हणून २००८ मध्ये सुमारे ६० हेक्टरचा कृत्रिम खडक बांधला, त्यावर अपेक्षेइतके मासे येईनात म्हणून पुढे तो वाढवावा लागला. पंधरा वर्षं मोजलं नसतं तर तिथेही तापमानाचा नकाशा जोडून काम संपलं असतं.

तेव्हा हातात अहवाल आला की प्लूमचं, म्हणजे सोडलेलं गरम पाणी कसं पसरतं त्याचं, रंगीत मॉडेल सोडून द्या. अंडी आणि पिल्लांचा तक्ता शोधा. रात्रीचे नमुने आहेत का, आणि सरासरी काढताना रात्रीला किती वजन दिलं ते बघा. मोजणी एकाच ऋतूतली असेल तर तो अहवाल परत पाठवण्याच्या लायकीचा आहे, कारण वेगवेगळ्या जातींची अंडी वेगवेगळ्या महिन्यांत येतात. 'इनटेकचा वेग सेकंदाला १५ सेंटीमीटरहून कमी आहे' हे वाक्य ठळक अक्षरांत असेल तर हुरळू नका. अमेरिकेच्या २०१४ च्या नियमात हा वेग आहे आणि पोहू शकणाऱ्या माशाला तो वाचवतोही, पण अंड्याला पोहता येत नाही. तक्ते कुणी भरले त्यांची नावं आहेत का, तेही बघा. परिशिष्ट आधी वाचा.

प्रकल्प बंद पडण्याच्या प्रसंगावर तर सहसा ओळही नसते. थंड प्रदेशात हिवाळ्यात मासे गरम पाण्याशी येऊन राहतात आणि युनिट अचानक थांबलं की गारठून मरतात. न्यू जर्सीतल्या ऑयस्टर क्रीक प्रकल्पाला जानेवारी १९७२ मध्ये मेनहेडन जातीचे मासे असेच मोठ्या संख्येने मेले.

आता दुसरी बाजू, तीही खरी आहे. उघड्या, खळाळत्या किनाऱ्यावर गरम पाणी लवकर मिसळून जातं आणि त्याचा परिणाम पुष्कळदा जवळपासच राहतो. तोच प्रकल्प बंदिस्त उपसागरात असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय मासळी घटली की सगळं खापर प्रकल्पावर फोडता येत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या ब्रेटन पॉइंट प्रकल्पात १९८४ मध्ये एक युनिट एकदाच पाणी वापरण्याच्या पद्धतीवर नेलं, त्यानंतर शेजारच्या माउंट होप बे या उपसागरातल्या विंटर फ्लाउंडर या चपट्या माशाची संख्या कोसळली. पण त्याच काळात मासेमारीचा ताण होता आणि पाणीही तापत होतं. तिथे पुढे शीतमनोरे उभे राहिले आणि २०१७ मध्ये प्रकल्पच बंद झाला, तरी कुणाचा वाटा किती हा वाद मिटला नाही. वीज नको असं माझं म्हणणं नाही आणि कधी नव्हतं. सरांचंही सगळंच चुकीचं होतं असं नाही, जाळीवरचे मासे ते फार काटेकोरपणे मोजायचे.

आणि तुमच्याकडचा अहवाल शीतमनोरे असलेल्या प्रकल्पाचा असेल तर वरचं बरंच लागू नाही. तिथे ओढायचं पाणी नव्वद टक्क्यांहून जास्त कमी होतं, पिल्लांचं नुकसानही जवळपास त्याच प्रमाणात. तिथे मनोऱ्यातून काढून टाकलेलं जास्त खारट, रसायनं मिसळलेलं पाणी कुठे सोडतात आणि तिथे तळाला काय आहे, ते आधी बघा.